रोजचं वचन वाचता, की फक्त त्यावरचं चिंतन?

गिरीजची_सून
थेट मुद्द्यावर येते. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणाऱ्या चिंतनांनी आपलं शास्त्रवाचन बंद पाडलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

डबे भरून होईस्तोवर फोनवर ढीग पडलेला असतो. धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर एक, माहेरच्या ग्रुपवर दुसरं, शिवाय नणंदबाईंचा व्हिडिओ. सगळे त्या दिवसाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या उताऱ्यावर, बोलतात, पण शुभवर्तमान कुठेच नसतं. फार तर वर बारीक अक्षरांत 'मार्क 4:35-41' एवढा संदर्भ, आणि खाली 'वादळात घाबरू नका' नि गुलाबाचं फूल. आता मूळ उतारा काढून बघा. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. उशी! शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एकट्या मार्कने ती लिहून ठेवली. शिष्य त्याला उठवून चक्क झापतात, आम्ही बुडतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही म्हणून. चिंतनात ना ती उशी, ना तो राग. उरतो नुसता सुविचार.

मी सध्या चिंतनं न उघडता फक्त त्या दिवसाची वाचनं, म्हणजे चर्चने नेमून दिलेले बायबलचे उतारे, वाचते. तुम्ही काय करता? रोज जमतं का? संतांची चरित्रं वाचून फरक पडतो का? आणि वाचून काहीच वाटलं नाही तर? कॅथलिक नसाल तरी लिहा, घरात नित्यपाठ असलेल्यांचं तर नक्कीच ऐकायचंय.

विरार_फास्ट
वाचते. गाडीत, उभ्याने. बसायला मिळालं तर झोप लागते, म्हणून उभं राहिलेलंच बरं. आमच्या डब्यात रोझरीवाल्या (जपमाळेच्या) बायका आहेत, त्या बोरिवलीपर्यंत माळेचे पाचही टप्पे, म्हणजे रहस्यं, संपवतात. मग मी फोन काढते.
बाकी नणंदबाईंबद्दल +1. सगळ्यांच्या नणंदा एकच व्हिडिओ पाठवतात काय?

आकडेमोड
थोडी तांत्रिक माहिती देतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

आत्ताची वाचनांची मांडणी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची (कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणारी सभा), 1969 ची. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: अ वर्षात मत्तय, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक. योहान पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतर) वगैरे येतो, आणि मार्क आखूड असल्यामुळे ब वर्षात उन्हाळा सरल्यावर काही रविवार योहानाचा सहावा अध्याय घुसवतात. कोणतं वर्ष चालू आहे ते ओळखायचं तर सनाला तीनने भाग द्या. नि:शेष भाग गेला तर क. 2025 ला जातो, म्हणून 2025 क आणि 2026 अ. फक्त एक लक्षात ठेवा, वर्ष आगमनकाळात (नाताळची तयारी सुरू होते तेव्हा), म्हणजे नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला बदलतं.

इतर वारी चक्र दोन वर्षांचं, विषम आणि सम सनाचं. पण ते फक्त पहिल्या वाचनापुरतं, म्हणजे शुभवर्तमानाआधीच्या उताऱ्यापुरतं. सामान्यकाळातलं (नाताळ-ईस्टरचे काळ सोडून उरलेल्या वर्षातलं) आठवड्याच्या दिवसांचं शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं. आधी मार्क, दहाव्या आठवड्यापासून मत्तय, बाविसाव्यापासून शेवटपर्यंत लूक.

खोचक_बोका
म्हणजे गेल्या वर्षीचं चिंतन यंदा तसंच फॉरवर्ड करता येतं! आता कळलं आमच्या ग्रुपवर काय चाललंय ते. एका चिंतनात 'सध्याच्या लॉकडाऊनमध्ये' असं होतं.

आगाशीचा_केळीवाला
सूनबाई, मत पटलं नाही. नुसतं वचन वाचून सगळं कळतं असं नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातला तो लबाड कारभारी घ्या. मालकाचे पैसे उडवतो, नोकरी जाणार म्हणून ऋणकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे कमी करून देतो, आणि मालक त्याचीच तारीफ करतो. हे घरी पोरांसमोर वाचलं तर काय शिकायचं त्यांनी? आमच्या फादरांनी समजावलं की तारीफ लबाडीची नाही, संकट आल्यावर हातपाय हलवण्याची आहे. त्याशिवाय मला ते सात जन्मांत उलगडलं नसतं.

तुम्हाला राग फॉरवर्डचा आहे, चिंतनाचा नाही. दोन्ही एका टोपलीत टाकू नका.

विरार_फास्ट
केळीवाले काका, समजावणारे फादर सगळ्यांच्या नशिबी कुठे? पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, लोक झोपतात. काही ठिकाणी तो निरोप अजून पोचायचाय.

खोचक_बोका
विरार फास्ट असून स्लो गाडीबद्दल तक्रार :)

नाक्यावरचा_मुकादम
मी फार लिहीत नाही इथे, पण या विषयावर लिहितो.

छोटी बांधकामं घेतो, नालासोपारा-विरार पट्टा. सकाळी नाक्यावरून माणसं उचलतो. सात-साडेसातला चांगले गडी जातात, म्हणजे तरणे, ओळखीचे, स्वतःची थापी-ओळंबा घेऊन आलेले मिस्त्री. नऊपर्यंत बिगारी. त्यानंतर जे उरतात ते म्हातारे, हाताला काही झालेले, कालच गावाहून आलेले आणि कोणालाच न ओळखणारे. अकरा-बारापर्यंत ते उभे असतात. पाठीमागच्या दुकानदाराची पायरी अडवू नये म्हणून कडेला सरकून, घमेलं उपडं घालून त्यावर बसलेले.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलोय. मालक पहाटे जातो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला. त्या वेळीही माणसं उभी असतात. तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. प्रवचनात हे 'उशिरा देवाकडे वळलेले पापी' म्हणून येतं. मला ते कधी पटलं नाही. पाचपर्यंत नाक्यावर उभा राहिलेला माणूस आळशी नसतो. आळशी असता तर दहालाच घरी गेला असता. तो उभा आहे कारण रिकाम्या हाताने घरी जायची सोय नाही. आणि मालकाला हे कळतं, म्हणून तो पूर्ण रोज देतो. अर्धा रोज दिला तरी घरातली तोंडं अर्धी होत नाहीत.

आणखी एक. हजेरी वाटताना मालक शेवटच्यांपासून सुरुवात करायला सांगतो. पहिल्यांना आधी पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते, कुणाला काही कळलंच नसतं. त्याला मुद्दाम दाखवायचंय. भांडण त्यानेच ओढवून घेतलंय. हे कोणत्याही चिंतनात वाचलेलं नाही, नाक्यावर उभं राहून कळलं.

कामगार_कायदा
मुकादमसाहेब, सुंदर लिहिलंत. नास्तिक आहे, तरी परत परत वाचलं. पण पहाटेपासून उन्हात राबलेल्यांचा राग रास्त नाही का? समान कामाला समान वेतन हा नियम उलटाही चालतो, जास्त कामाला जास्त.

नाक्यावरचा_मुकादम
रास्त आहे. ठरलेला दिनार त्यांना मिळाला, कमी नाही मिळाला, हे मालकाचं उत्तर. माझ्या साइटवर असं केलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी यायचं नाही, सगळे पाचला येतील. येशूला ठेकेदारी करायची नव्हती. तरी हा दाखला वाचल्यापासून शेवटी उरलेल्यांतला एक जण मी जास्तीचा उचलतो. तेवढंच परवडतं.

गिरीजची_सून
मुकादमदादा, मला म्हणायचं होतं ते हेच! वचन आधी, मग आपलं डोकं, आणि त्यानंतर लागलं तर फादरांचं. केळीवाले काका, कारभाऱ्याचा मुद्दा मान्य. पण तुम्ही आधी ते वाचून अडलात, म्हणून फादरांचं उत्तर लक्षात राहिलं ना? न अडताच उत्तर मिळालं असतं तर?

आगाशीचा_केळीवाला
ह्म्म. सूनबाई वकिलीण व्हायला हव्या होत्या.

नगरकर_मिशन
आम्ही प्रॉटेस्टंट, अहिल्यानगरकडचे. आमच्याकडे रोजचे तुकडे नेमून दिलेले नाहीत. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सलग वाचा, वर्षात संपवा. लेवीय (नियमांचं पुस्तक) आलं की निम्मी मंडळी गळतात ती गोष्ट वेगळी.
तुमच्या पद्धतीवर माझा आक्षेप असा की निवडून वाचलं की अवघड ते आपोआप गळतं. कोणीतरी रोममध्ये बसून ठरवायचं आम्ही काय वाचायचं?

आकडेमोड
आक्षेपात तथ्य आहे, मीच पुरावा देतो. पुरोहित आणि मठवासी रोज जी प्रहरांची प्रार्थना म्हणतात तिच्यातून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळलेली आहेत. शत्रूला शिव्याशाप आहेत म्हणून. इतर काही स्तोत्रांतल्याही ओळी गाळल्यात.

दुसरी बाजूही आहे. सलग वाचणाराही शेवटी स्वतःच्या मर्जीने रेंगाळतो किंवा पळतो. इथे सोमवारी काय यायचं ते माझ्या हातात नाही. भावाशी जमिनीवरून बोलाचाली झाली त्याच आठवड्यात 'आधी जाऊन भावाशी समेट कर, मग वेदीपाशी ये' समोर आलं. मी निवडत असतो तर ते पान नक्कीच उघडलं नसतं.

नगरकर_मिशन
समेट झाला का?

आकडेमोड
मोजणी चालू आहे. सरकारी.

खोचक_बोका
नगरकर, तुमच्या बायबलात पुस्तकं 66, यांच्यात 73. सलग वाचायचं म्हणता, पण सात तर तुमच्याकडे नाहीतच. त्यातलं तोबितचं मी शाळेत वाचलं होतं. त्यात एक कुत्रा आहे. पोरगा प्रवासाला निघतो, सोबत देवदूत वेषांतर करून, आणि मागे कुत्रा. परतीच्या वाटेवरही कुत्रा आहे. करत काहीच नाही, नुसता चालतो. माझं आवडतं पात्र.

विरार_फास्ट
तोबित विषम वर्षी सामान्यकाळाच्या नवव्या आठवड्यात येतो. त्या आठवड्यात माझा डबा शांत असतो, सगळ्यांना पुढे काय झालं ते हवं असतं.

हरिपाठी
आळंदीजवळचा. घरी संध्याकाळी हरिपाठ आणि सकाळी ज्ञानेश्वरीच्या नेमाच्या ओव्या. वडील अर्थ सांगत नसत. विचारलं तर म्हणायचे, म्हणत जा, अर्थ येईल तेव्हा येईल. लहानपणी राग यायचा. आता कीर्तनाला बसलो की एखादी ओवी बुवांनी उचलली रे उचलली, ती आधीच तोंडात असते आणि बुवांचा अर्थ पटला नाही तर आतून कोणीतरी 'नाही' म्हणतं. तोंडपाठ नसती तर बुवा सांगतील तेच खरं धरलं असतं.
धागाकर्तीच्या प्रश्नाला माझ्या परीने एवढंच. तुमच्या इथे पाठांतराचा प्रघात आहे का?

मडगावचो
हरिपाठी, आमच्याकडे त्याची जुनी नाळ आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला आणि तिथल्या साष्टीत राहिला. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती, तसं काही हातात हवं म्हणून त्याने बायबलची कथा मराठीत ओवीबद्ध रचली, सुमारे अकरा हजार ओव्या. 1616 मध्ये छापली, रोमन लिपीत. तेच क्रिस्तपुराण. चर्चमध्ये ते मोठ्याने वाचलं जायचं, आणि लोकांना ते कानानेच पाठ व्हायचं. पैठणच्या आणि आळंदीच्या ओवीची चाल ख्रिस्ती गळ्यात तिथून आली. आमच्या घरात आता कोणाला ते येत नाही, ही खंत आहे.

रात्रपाळीची_सिस्टर
(नन नव्हे, नर्स. कुवेतला असते.)
रात्रपाळी करून खोलीवर आले की वाचायला घेते आणि दुसऱ्या ओळीवर डोळा लागतो. उठल्यावर अपराधी वाटतं. अशा वाचनाला काही अर्थ आहे का?

गिरीजची_सून
सिस्टर, तुमच्यासाठी फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेज आहे. मठात राहून प्रार्थनेच्या वेळी तिला झोप लागायची, आणि ती तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवली. म्हणते, मला याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. मूल झोपलेलं असो की जागं, आईबापांना सारखंच लाडकं. आणि डॉक्टरही शस्त्रक्रियेआधी रोग्याला झोपवतातच. नर्सला आणखी काय सांगू!
क्षयाने गेली ती, 1897 मध्ये, वय 24. मठाबाहेर पडून कुठे धर्मप्रसाराला गेली नाही, तरी 1927 मध्ये तिला फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने मिशनांची आश्रयदाती केलं. 1997 मध्ये धर्मपंडित ही पदवीही दिली.

रात्रपाळीची_सिस्टर
शस्त्रक्रियेचं वाचून वॉर्डात हसले. पेशंटने विचारलं काय झालं.

आगाशीचा_केळीवाला
संतांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गोन्सालो गार्सियाला विसरू नका. वसईत जन्मलेला, जपानमध्ये व्यापार केला, भाषा उत्तम अवगत. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. पुरोहित नव्हे, ब्रदर. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात दुभाषा म्हणून परत गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 25 जणांसोबत क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. जगभरच्या चर्चच्या दिनदर्शिकेत 6 फेब्रुवारीला मात्र 'पॉल मिकी आणि सोबती'. सोबती म्हणजे आमचा गोन्सालो!

खोचक_बोका
वसईकर जगात कुठेही गेला तरी 'आणि इतर'.

विरार_फास्ट
पण काका, त्याच्या सणाला मिरवणूक, बँड, जेवणावळ. त्याच्यावर चिंतन कोण करतं? एका व्यापाऱ्याने चालता धंदा सोडून दुभाष्याचं काम का पत्करलं? दुभाष्याचं स्वतःचं बोलणं काहीच नसतं, दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं. मला तर त्याच्याबद्दल हेच सगळ्यात भारी वाटतं.

वाचनमात्र_होते
आज पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मुलाला जाऊन बराच काळ झाला. तेव्हापासून रोजची चिंतनं मी म्यूट केली. 'देवाची योजना असते', 'देव आपल्या आवडत्या फुलांना आधी तोडतो' हे वाचून फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाते, रांगेत उभी राहते, ख्रिस्तप्रसाद घेते. वाटत काहीच नाही. धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये 'वाचून काहीच वाटलं नाही तर' असं विचारलंय, त्याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

हरिपाठी
ताई, उत्तर नाही माझ्याकडे. वाचलं, एवढं सांगतो.

आकडेमोड
ताई, मीही सल्ला देणार नाही. दोनच गोष्टी सांगतो.
मदर तेरेसांची पत्रं त्यांच्यामागे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. देव जवळ असल्याची जाणीव त्यांना वर्षानुवर्षं, जवळजवळ सगळं सेवाकार्य चालू असताना, नव्हती. रोज पहाटे प्रार्थनेला बसायच्या आणि आत काळोख. 2016 मध्ये त्यांना संत घोषित केलं तेव्हा हे सगळं लोकांना ठाऊक होतं.
आणि स्तोत्र 88. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी 'तरी मी तुझी स्तुती करीन' वर येतात. हे येत नाही. मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार आहे. आणि ते गाळलेलं नाही, दर शुक्रवारी झोपण्याआधीच्या प्रार्थनेत असतं. नगरकर, वर मी गाळलेली स्तोत्रं सांगितली होती, हे ठेवलेलं.

नगरकर_मिशन
मानलं. स्तोत्र 88 आमच्याकडेही कोणी स्टेटसला ठेवत नाही.

वाचनमात्र_होते
आत्ता काढून वाचलं. 'माझे मित्र तू माझ्यापासून दूर केलेस.' हे बरोबर आहे. लोक खरंच येईनासे होतात, काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून.
धन्यवाद. फुलं पाठवू नका फक्त.

नाक्यावरचा_मुकादम
ताई, वसईत असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझी बायकोही त्यातून गेली आहे. ती बोलत नाही फार, पण येऊन बसेल.

गिरीजची_सून
ताई, थांबलात हे बरं झालं.

मूळ मुद्द्यावर परत येते. एक सुचवू? याच धाग्यावर रोज फक्त संदर्भ टाकायचा. चिंतन नाही, चित्र नाही. ज्याला वाटेल त्याने उताऱ्यातली एखादी नजरेत भरलेली गोष्ट एका ओळीत लिहायची, उशीसारखी. उपदेश दिसला की बोक्याने हाकलायचं.

खोचक_बोका
पद स्वीकारतो. मानधन?

आगाशीचा_केळीवाला
घड पाठवतो.

आकडेमोड
संदर्भ मी टाकतो, पहाटे पाचला. सणांचे आणि स्मृतिदिनांचे वेगळे असतील तर तेही. नगरकर, तोबितच्या आठवड्यात तुम्ही सुट्टीवर की येणार?

नगरकर_मिशन
कुत्र्यासाठी येईन.

रात्रपाळीची_सिस्टर
एक व्यावहारिक शंका. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची वाचनं आम्हाला चर्चमध्ये शुक्रवारीच ऐकायला मिळतात. मग मी धाग्यावर तुमच्या रविवारी काय लिहू, शिळं?

आकडेमोड
रविवारी लिहा, पण बाकीच्यांना शुक्रवारी फोडू नका.

विरार_फास्ट
फोडलं तरी चालेल. शेवट सगळ्यांना माहीत आहे.